भिंतीवर न टांगलेली सायकल

"तिथं आता काय ठेवलंय तुमचं?" बायकोच्या थोरल्या बहिणीनं मला विचारलं. बायकोच्या तेराव्याचं जेवण उरकलं होतं, पाहुणे पांगले होते, आणि मी सौदीतल्या खमीस मुशैतला परत जायचं तिकीट काढल्याचं ताईंना नुकतंच कळलं होतं.

"सायकल," मी म्हणालो.

ताईंनी हातातली वाटी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघत राहिल्या. दुःखानं माणसाच्या डोक्यावर परिणाम होतो हे त्यांनी ऐकलं असणार. आता घरातच उदाहरण बसलं होतं. मी नोकरीचं नाव घेतलं असतं तर कुणी काही म्हटलं नसतं. तिथल्या इंडियन स्कूलचं ग्रंथालय मी बरीच वर्षं सांभाळतो, इकामा, म्हणजे तिथं राहण्याचा परवाना, माझा स्वतःचा आहे, पगार वेळेवर होतो. नोकरी हे कारण सगळ्यांना पटतं. पण तोंडातून आधी खरं उत्तर निघून गेलं होतं, आणि ते मागे घ्यावंसं मला वाटलं नाही.

ही सायकल मुळात त्या दोघी बहिणींच्या वडिलांची. ते मिरजेकडचे, सरकारी लस टोचणारे. इंग्लंडात बनलेली ती काळी, उंच, दांडीची सायकल त्यांनी जुनीच विकत घेतली होती. ब्रेकला तारा नाहीत, लोखंडी सळया आहेत. मूठ दाबली की सळया उचलल्या जातात आणि रबरी गट्टू रिमला खालून चिकटतात. साखळीवर पूर्ण झाकण. मागच्या कॅरिअरला एका बाजूनं रंग गेलेला आहे, कारण तिथं लशीचा थर्मास पट्ट्यानं बांधलेला असे. मिरजेच्या पूर्वेची गावं ते या सायकलवरून करत. घंटी ऐकू आली की गावातली पोरं ज्वारीत पळत, आणि आया त्यांना शोधायला मागोमाग. ही हकीकत सांगताना बायकोला नेहमी हसू येई. "माझ्या बापाला बघून लोक पळायचे," ती म्हणे, "मला बघून निदान आडवे होतात." ती भूलतज्ज्ञ होती.

वडील गेल्यावर सायकल कुणाला हवी असं घरात विचारलं गेलं, तेव्हा ताईंनी अंगणात जागा नाही असं सांगितलं आणि हिनं हात वर केला. आम्ही तेव्हा सौदीत येऊन स्थिरावलो होतो. पुढच्या सुट्टीत हिनं सायकल सुटी केली, चाकं वेगळी, हँडल वेगळं, सांगाडा गोधडीत गुंडाळून, आणि चार माणसं सोनं नेतात किंवा लोणची आणतात तसं हे सगळं विमानातून आणलं. जेद्दाच्या कस्टममधल्या माणसानं गोधडी उघडली. "हे काय?" "सायकल." "इथं सायकली मिळत नाहीत का?" "ही मिळत नाही." त्यानं दुसऱ्या अधिकाऱ्याला बोलावलं. त्यानं सगळं निरखून पाहिलं, मग हँडलवरची घंटी दोनदा वाजवली, आणि "यल्ला" म्हणून आम्हाला जाऊ दिलं. ज्वारीच्या रानात पोरांना पळवणारी घंटी अशी पहिल्यांदा अरबस्तानात वाजली.

सुरुवातीच्या वर्षांत तिला ती फक्त आम्ही राहायचो त्या तिच्या हॉस्पिटलच्या वसाहतीतच चालवता येई. फाटकापासून पाण्याच्या टाकीपर्यंत आणि परत. लहानपणी ती दांडीच्या मधून पाय घालून शिकली होती. आता पाय वरून टाकी. वसाहतीतले लोक बाल्कनीतून बघत. फाटकाबाहेर नेता येत नाही तर ठेवली कशाला, असं त्यांतले बरेचजण विचारत. ती सांगे, "चालवता येत नाही म्हणून बिघडू द्यायची का?" पुढे दिवस बदलले. शहराच्या बागेतल्या रस्त्यावर बायका सायकल चालवू लागल्या, आणि हीही संध्याकाळी अबाया आवरून निघू लागली. पहिल्या दिवशी सायकल तयारच होती. तिला दुरुस्तीला न्यावं लागलं नाही, धूळ झटकावी लागली नाही, फक्त हवा भरली. इतक्या वर्षांच्या त्या निरर्थक वाटणाऱ्या निगराणीचा हिशेब एका संध्याकाळी चुकता झाला, असं मी तिला म्हणालो. "हिशेब कसला?" ती म्हणाली. "ती चांगलीच होती. मला बाहेर पडायला उशीर लागला."

खंडेनवमीला ती सायकल पूर्ण उघडायची. इतर घरांत त्या दिवशी गाडी धुतात, हत्यारं पुसतात, हळदकुंकू लावून फूल ठेवतात. आमच्याकडेही ते होई, पण शेवटी, आणि घाईत. खरं काम आधीचं. हॉलमध्ये जुनी वर्तमानपत्रं पसरून ती चाकं काढे, आसावरचे कोन, म्हणजे छर्रे दाबून धरणारे नट, सैल करी, हबमधले छर्रे एका ताटलीत घेई, रॉकेलमध्ये धुई, पुसून नव्या ग्रीसमध्ये बसवी. मी शेजारी खुर्ची घेऊन तिला मोठ्यानं वाचून दाखवी. हा आमचा रिवाज लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी पडला होता, फक्त तेव्हा सायकलऐवजी पंखा होता. मी मदतीला वाकलो की ती म्हणे, "तू हात लावू नकोस, पानांना डाग पडतील. वाच." मग मी वाचे. कधी प्रवासवर्णन, कधी कादंबरी, एका वर्षी नुसता ज्ञानकोशाचा एक खंड. मधेच ती थांबवी: "परत वाच, छर्रा पडला होता." बाहेर हवाई तळाकडून लढाऊ विमानं जात तेवढा वेळ आम्ही दोघंही थांबत असू.

फक्त सायकलच नव्हती. लग्नातला मिक्सर, तिच्या आईचं हातानं चालवायचं शिवणयंत्र, किल्ली द्यायचं मनगटी घड्याळ, माझ्या वडिलांचा दाढीचा वस्तरा. यांतली एकही वस्तू आमच्या घरात शोभेला नव्हती. मिक्सरमध्ये चटणी होई, यंत्रावर पडदे शिवले जात, घड्याळाला रोज सकाळी चहा उकळेपर्यंत किल्ली दिली जाई. आमच्यासारख्या इथं कामाला आलेल्यांची घरं वेगळी असतात. करार संपला की जायचं, म्हणून सगळं तात्पुरतं घ्यायचं, जाताना कुणाला तरी देऊन टाकायचं. सोफा तिसऱ्या हाताचा, फ्रीज चौथ्या. त्यात कुणी छर्रे धूत बसलं की लोकांना ते विचित्र वाटतं. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे आणखीच. "तुमच्यामागं कोण सांभाळणार हे?" हा प्रश्न मी इतक्या प्रेमळ माणसांकडून ऐकला आहे की त्याचा राग यायचा बंद झाला आहे. पण तो प्रश्न मला कधी पटलेला नाही. घराला कुलूप लावणाऱ्याला कुणी विचारत नाही, तुमच्यामागं कुलूप कोण लावणार?

उन्हाळ्याच्या तोंडाशी एका दुपारी ती ड्यूटीवरून आली आणि डोकं फार दुखतंय म्हणाली. तिच्याच हॉस्पिटलात नेलं. ज्या ऑपरेशन थिएटरच्या दारात ती इतकी वर्षं चपला बदलायची, त्या दाराबाहेर मी बसलो होतो. तिला भूल देणारा तिचाच विद्यार्थी होता. ती परत जागी झाली नाही. पुढचे दिवस कागदपत्रांचे, मग विमानाचे, मग मिरजेचे. त्याबद्दल मला लिहायचं नाही.

परत आलो तेव्हा हॉस्पिटलनं माणुसकी दाखवली. घर तिच्या नावावर मिळालेलं होतं, पण सहा महिने राहा म्हणाले. नंतर मला शाळेनं दिलेल्या जागेत जायचं होतं: दुसऱ्या मजल्यावर एक खोली, स्वयंपाकाचा ओटा, गच्ची नाही, जिन्याखाली काही ठेवायची मुभा नाही. मी खोली पाहून आलो. पलंग, टेबल आणि माझं पुस्तकांचं कपाट लावलं की दार उघडण्यापुरती जागा उरत होती. सायकल कुठं?

शेजारी एक सर्जन राहतात, नागपूरकडचे, बायकोचे सहकारी. जेवणाचा डबा त्यांच्याकडून येई आणि मागोमाग तेही येत. त्यांनी तोडगा आणला.

"सर, एक पेशंट आहे माझा. तरुण सौदी पोरगा, अभा शहराच्या रस्त्याला कॅफे काढलाय. जुन्या वस्तूंनी सजवतो. मी त्याला मॅडमच्या सायकलीचा फोटो दाखवला. अरे बाप्पा, वेडाच झाला तो! भिंतीवर लावतो म्हणे. खाली मॅडमचं नाव लिहितो म्हणे."

"भिंतीवर?"

"मग कुठं? तुमच्या त्या खोलीत पलंगावर निजवणार आहात का? बघून तर या."

बघून आलो. मुलगा खरंच चांगला होता. मला उस्ताद म्हणाला, वेलदोड्याची कॉफी आणि खजूर समोर ठेवले. आमचं बोलणं अर्धं इंग्रजीत, अर्धं अरबीत, उरलेलं हातांनी. कॅफेत एका भिंतीवर घड्याळंच घड्याळं होती आणि प्रत्येकात वेगळी वेळ होती. एका शिवणयंत्राच्या पायट्यावर हात धुवायचं भांडं बसवलेलं होतं. टाइपरायटरच्या पोटातून एक वेल वर आला होता. लोक येत होते, टाइपरायटरवर बोटं ठेवून फोटो काढून घेत होते.

"यातलं एखादं घड्याळ चालतं?" मी विचारलं.

"बरीच चालतील. पण सगळी सुरू केली तर आवाज होईल, उस्ताद."

"आणि सायकल?"

त्यानं वरची जागा दाखवली. "तिथं. वेल्डिंग करून पक्की बसवू. चाक फिरलं आणि कुणाच्या डोक्यावर काही पडलं तर? इथं ती सुरक्षित राहील. कुणी हात लावणार नाही."

"तीच तर अडचण आहे," मी म्हणालो.

त्याला कळलं नाही, आणि मला समजावून सांगता आलं नाही. मी आयुष्यभर पुस्तकांत बसलेला माणूस, पण नेमक्या वेळी शब्द सापडत नाहीत. घरी येताना टॅक्सीत ते सापडले. जी वस्तू चालते तिला निगा लागते. जी भिंतीवर जाते तिला नुसतं फडकं पुरतं. लोकांना जुनं आवडतं, पण शांत बसलेलं आवडतं. तेल मागणारं, वेळ मागणारं, हात काळे करणारं आवडत नाही. माझ्याकडूनही बहुतेक हेच हवं होतं. शांत बसावं, भिंतीला टेकून, खाली नाव लिहिलेलं.

मी सर्जनना नकार कळवला. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "मग काय करणार?" मी म्हणालो, "खंडेनवमी जवळ आली आहे. ओव्हरहॉलिंग करणार."

"तुम्ही?"

"मी."

ते हसले नाहीत, यावरून त्यांना किती हसू आलं असेल ते कळलं.

त्याच आठवड्यात ताईंचा फोन आला. वर्षाच्या आत सण करायचा नसतो, हे त्यांना मला आठवण करून द्यायचं होतं. "तोरण नाही, गोड नाही, आणि वाहनाची पूजा तर नाहीच नाही. तुम्ही एकटे आहात, कुणी सांगणारं नाही, म्हणून फोन केला."

"पूजा करणार नाही, ताई. फक्त उघडून साफ करणार आहे."

"ते पूजेतलंच आहे की हो, भाऊजी. राहू द्या एक वर्ष. सायकल कुठं पळून जातेय?"

पळून जात नाही, गंजते. लोखंडाला आपल्या घरातलं सुतक ठाऊक नसतं. हे मी बोललो नाही. ताईंची धाकटी बहीण गेली होती, आणि सण न करणं एवढंच त्यांच्या हातात उरलं होतं. पण माझ्या हातात वेगळं काहीतरी उरलं होतं, आणि तेही मी सोडणार नव्हतो. फूल नाही, हळदकुंकू नाही. पाना चालेल.

खंडेनवमीला शाळेतून आलो, वर्तमानपत्रं पसरली आणि पालथी मांडी घालून बसलो. खुर्ची रिकामी होती. सुरुवातीला मला वाटलं, मला काहीच येत नाही. मग हळूहळू लक्षात आलं की इतकी वर्षं माझे डोळे फक्त पुस्तकावर नव्हते. चाक काढण्याआधी साखळीचं झाकण उघडायचं, हे मला माहीत होतं. छर्रे ताटलीत घेण्याआधी ताटलीत फडकं अंथरायचं, नाहीतर ते टणाटण उडतात, हेही. कोन किती आवळायचा? ती चाक हातात धरून फिरवायची आणि डोळे मिटायची. मीही डोळे मिटले. चाक गुळगुळीत फिरत थांबलं, तेव्हा मला जरा गर्वच झाला.

शेवटी मागच्या चाकाचं फ्रीव्हील राहिलं. पायडल थांबवलं तरी चाक पुढे पळत राहतं, ते या भागामुळे. आत दोन बारीक खिट्ट्या असतात. पायडल मारलं की त्या दात धरतात, थांबवलं की दातांवरून टकटक करत सरकतात. सायकलवाले त्यांना कुत्री म्हणतात. उतारावरचा तो टकटक आवाज तिला फार आवडे. "भुंकतायत," ती म्हणे. या भागात तेलाचे थेंब सोडायचे होते. तिची तेलाची छोटी कुपी उघडली तर रिकामी. दुकानं नमाजासाठी बंद होती. मी घरात शोधलं आणि मला बाथरूममधली तिची खोबरेल तेलाची बाटली दिसली.

मी कोकणातला, रत्नागिरीच्या बाजूचा. आमच्या घरी कुलूप, कडी, रहाट, शिवणयंत्र, डोकं आणि गुडघे या सगळ्यांना एकच तेल. आईच्या हातून गंजलेली बिजागरी खोबरेलानं बोलती झालेली मी पाहिली आहे. मला जराही शंका आली नाही. उलट तिच्या बाटलीतलं तेल तिच्या सायकलीत जातंय, हे फार बरोबर वाटलं. मी सढळ हातानं घातलं. चाक फिरवलं, कुत्री भुंकली. मी वसाहतीत टाकीपर्यंत जाऊन आलो, डुलत, पण आलो. सर्जन बाल्कनीतून म्हणाले, "मानलं, सर!"

दुसऱ्या दिवशी सकाळी सायकलवरून शाळेत जायचं ठरवून मी बाहेर पडलो. खमीस डोंगरावर आहे; सकाळी चांगली थंडी होती, फाटकावर धुकं होतं. पाय टाकला, पायडल मारलं, आणि पायडल नुसतंच गरकन फिरलं. सायकल जागच्या जागी. परत मारलं. पाय हवेत चालल्यासारखे. आवाज नाही, टकटक नाही, काही नाही.

सर्जन गाडी काढत होते. ते थांबून बघत राहिले आणि म्हणाले, "भूल उतरली नाही वाटतं पेशंटची." मग त्यांना आपण काय बोललो ते कळलं, आणि त्यांचा चेहरा असा झाला की मलाच हसू आलं. आम्ही दोघंही हसलो, धुक्यात, सायकलच्या दोन बाजूंना उभे राहून. ती गेल्यापासून मी पहिल्यांदा हसलो होतो.

दुपारी परत आलो, ऊन पडलं होतं, पायडल मारलं तर सायकल चालली. सकाळी पुन्हा नाही. दुपारी पुन्हा हो. मी दोनदा फ्रीव्हील तपासलं, काही समजलं नाही. ताईंचा फोन आला तेव्हा मी न लपवता सांगितलं.

"मी म्हटलं नव्हतं?" त्या म्हणाल्या. "वर्षाच्या आत हात लावू नका म्हटलं होतं. तिलाच आता चालायचं नाही. देऊन टाका त्या पोराला. तिथं निदान चार लोक बघतील."

"ताई, दुपारी चालते."

"मग?"

"ज्याला चालायचं नाही, ते दुपारीही चालणार नाही."

बोललो खरं, पण फोन ठेवल्यावर मला तितकीशी खात्री नव्हती. कॅफेतल्या मुलाचा निरोपही आला होता: जागा अजून रिकामी आहे, उस्ताद. जी सायकल दर सकाळी जागची हलत नाही ती भिंतीवर काय वाईट, असं एकदा मनात येऊन गेलं. हे कबूल करायला हवं. घर सोडायला थोडेच दिवस उरले होते.

नंतरच्या सुट्टीच्या सकाळी मी आंघोळीला गेलो. डोक्याला तेल लावावं म्हणून तिची बाटली घेतली, उपडी केली, आणि काही आलं नाही. दाबली, काही नाही. उजेडात धरली. आत पांढराशुभ्र दगड. थंडीत खोबरेल गोठतं, बाटली उन्हात ठेवावी लागते, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. कोकणात ते वर्षाकाठी एखादी सकाळ गोठे. खमीसला आश्विनापासून रोज. आणि मी ते तिच्या फ्रीव्हीलमध्ये भरून ठेवलं होतं. कुत्री मेली नव्हती. मेणात रुतून बसली होती. ऊन लागलं की सुटत होती.

मी ओल्या अंगानंच बाहेर आलो आणि बराच वेळ सायकलीशेजारी बसून राहिलो. मग कपडे केले, बाजारात जाऊन शिवणयंत्राचं पातळ तेल आणलं, रॉकेलच्या डब्यातलं उरलेलं रॉकेल घेतलं. फ्रीव्हीलमधून रॉकेल ओतत, फिरवत, ओतत राहिलो. आधी दुधासारखं पांढरं पाणी निघालं, मग राखाडी, मग स्वच्छ. वाळवून नवं तेल दिलं, मोजकंच. सायकल त्या रात्री मुद्दाम बाहेर थंडीत ठेवली. सकाळी उठून पाय टाकला. पहिल्या पायडलला तिनं दात धरले.

मी ताईंना फोन केला. "खोबरेल गोठलं होतं."

"कशात?"

"सायकलीत."

मग ताई अशा हसल्या की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. "सायकलीला खोबरेल! अहो, बाबांनी घराबाहेर काढलं असतं तुम्हाला. मला एकदा त्यांनी साखळीला एरंडेल लावताना पकडलं होतं, दोन दिवस बोलले नव्हते." हसणं ओसरलं. मग त्यांनी विचारलं, "घंटी वाजते का तीच?"

मी फोन घंटीजवळ नेला आणि वाजवली. "परत," ताई म्हणाल्या. मी परत वाजवली.

"सण नाही हं करायचा पण," शेवटी त्या म्हणाल्या.

"नाही करत."

"आणि त्या पोराला सांगा, दुसरी बघ म्हणावं."

आता खोलीचा प्रश्न उरला होता, आणि तो सोपा निघाला. सायकलीची आणि पुस्तकांच्या कपाटाची जागा एकच होती. मी पुस्तकं शाळेच्या ग्रंथालयात दिली. आमच्या शाळेतली मराठी घरांतली मुलंही आईवडिलांना इंग्रजीत उत्तर देतात. माझी पुस्तकं तिथं कोण वाचणार, असं सर्जननी विचारलं. मी म्हटलं, एखादं तर वाचेल. माझ्या कपाटात काचेमागं ती नुसती उभी होती. पुस्तकांचंही टांगणंच ते. काही थोडी उशाला ठेवली, खंडेनवमीला वाचायच्या उपयोगाची. आता कुणी ऐकणारं नसलं तरी.

घर सोडायच्या दिवशी सर्जननी एक पिकअप आणली. पलंग, टेबल, मिक्सर, शिवणयंत्र चढवलं. सायकल उचलायला दोघे पुढे आले तेव्हा मी म्हणालो, "ही नको. ही येईल."

"सर, चढ आहे मधे. तुमचं वय काय, आणि चढ काय!"

"ढकलत नेईन."

"आणि गुडघे?"

"गुडघ्यांना खोबरेल लावलंय."

सर्जननी हात जोडले आणि पिकअपमध्ये बसले. मी निघालो. सपाटीवर बरं चाललं. मोटारी हॉर्न वाजवत बाजूनं जात होत्या, मी कडेनं पण माझ्या गतीनं चाललो. चढ सुरू झाला तसा उतरलो आणि हँडल धरून ढकलू लागलो. दम लागत होता. तेवढ्यात मागं एका गाडीनं वेग कमी केल्याचं जाणवलं. भंगार गोळा करणारी पिकअप होती. मागं फ्रीजची दारं, वॉशिंग मशीनचे डबे, एसीची जाळी. चालवणारा आपल्या बाजूचाच कुणी, खिडकीत कोपर टेकवून माझ्याबरोबर हळूहळू येत राहिला.

"चाचा, बेचनी है क्या?"

"नहीं."

"लोहा पुराना है, अच्छा भाव दूँगा."

"नहीं भाई."

तो काही जाईना. चढावर सायकल ढकलणारा म्हातारा म्हणजे हातात आलेला माल, असं त्याला वाटत असणार. थोड्या वेळानं त्यानं पुन्हा मान बाहेर काढली. "चलती तो है नहीं. पैदल काहे को ले जा रहे हो?"

चढ तिथं संपत होता. मी सायकल उभी केली, श्वास घेतला, दांडीवरून पाय टाकला. एक पायडल मारलं, मग पाय स्थिर ठेवले. पुढे लांबवर उतार होता, आणि मागच्या चाकात टकटक सुरू झाली, आधी सावकाश, मग जोरात. पिकअप मागं राहिली. मी वळून पाहिलं नाही, पण घंटी वाजवली.